ग्राउंडवर ठीक, डीसीवर ट्रेस वर पळतो: टेक्ट्रॉनिक्स ४६५

तुमच्या टेक्ट्रॉनिक्स ४६५ या ऑसिलोस्कोपबद्दल (सिग्नल पडद्यावर रेघेने दाखवणारं यंत्र; ती रेघ म्हणजे ट्रेस) तुम्ही लिहिलंय ते असं: चॅनल १, दर डिव्हिजनला (पडद्यावरच्या एका चौकोनाला) ५ मिलिव्होल्टवर, इनपुट मोकळं. इनपुटचा स्विच ग्राउंडवर (आतला भाग शून्य व्होल्टला जोडलेला) असताना ट्रेस मधोमध, डीसीवर (इनपुट थेट आत जोडलेलं) टाकला की तीन डिव्हिजन वर. चॅनल २ ठणठणीत. स्विचेसवर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून झाला, फरक नाही, म्हणून आता एफईटी (इनपुटवरचा ट्रान्झिस्टर) मागवताय.

एफईटीची ऑर्डर थांबवा आणि तो स्प्रे आधी कपाटात ठेवा. या स्कोपमध्ये मला सगळ्यात महाग पडलेली गोष्ट तीच. काही स्प्रे तेलाचा पातळ थर सोडतात, त्यावर धूळ बसते, पावसाळ्यात दमट हवा बसते आणि बोर्डमधूनच करंट गळायला लागतो. हिशेब करा. इनपुट १ मेगओहम, ५ मिलिव्होल्टवर तीन डिव्हिजन म्हणजे १५ मिलिव्होल्ट, म्हणजे गळती १५ नॅनोअँपिअर. एफईटीच्या गेटजवळच्या (गेट म्हणजे सिग्नल जिथे येतो तो पाय) १५ व्होल्टच्या ट्रॅकपासून १ गिगाओहमची वाट झाली तरी नेमका एवढाच करंट येतो. साध्या मल्टिमीटरला १ गिगाओहम दिसत नाही. त्यामुळे ‘बोर्ड तपासला, ठीक आहे’ याला अर्थ नाही. एका सर्व्हिस सेंटरने तपासणीचे पैसे घेऊन ‘स्पेअर उपलब्ध नाही’ असा शेरा मारून स्कोप परत केला होता; बोर्ड पुसायचं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. असो.

बीएनसीला (इनपुटच्या सॉकेटला) ५० ओहमचं टर्मिनेटर (आत रोध असलेली टोपी) लावा. डीसीवर ट्रेस ग्राउंडच्या जागी आला तर गळती नक्की. नाही आला तर वाटेतला कॉन्टॅक्ट तुटतोय, आधी तो बघा, एफईटीचा विचार नंतर. मग टर्मिनेटर काढून ५० मिलिव्होल्टवर जा. तिथे गेटला १ मेगओहमऐवजी सुमारे १०० किलोओहम दिसतो, म्हणून तीन डिव्हिजनचं ०.३ व्हायला हवं. तसं झालं नाही तर स्कोप बंद करून बीएनसीवर रोध मोजा. प्रत्येक रेंजला १ मेगओहम, २ टक्क्यांच्या आत यायला हवा. दहापटीच्या रेंजला (५० मिलिव्होल्टला, जिथे सिग्नल दहापट कमी होतो) १.९ मेगओहम आला तर १११ किलोओहमचा शंट (ग्राउंडकडे जाणारा रोध) तुटलेला आहे. काहीच आलं नाही तर ९०० किलोओहमचा सिरीज रोध (सिग्नलच्या वाटेतला) गेला असेल किंवा कॅम कॉन्टॅक्ट (रेंजचा नॉब फिरवल्यावर दाबली जाणारी पत्ती) लागत नसेल. मीटरच्या तारा उलटसुलट करून दोनदा मोजा. आकडा बदलला तर गेटचं जंक्शन मध्ये वाहतंय, तो आकडा धरू नका.

आता एफईटी की बोर्ड, हे हेअर ड्रायर सांगतो. इनपुट मोकळं, ५ मिलिव्होल्ट, मंद गरम हवा. सिलिकॉनची गळती साधारण दर १० अंशांना दुप्पट होते, म्हणजे एफईटी खराब असेल तर ट्रेस आणखी पळेल. ओलावा असेल तर उलट, तो हळूहळू मध्याकडे परत येईल. फ्रीझर स्प्रे वापरू नका. दमट हवेत बोर्डवर दव धरतं आणि निदानाचा विचका होतो.

ओलावा निघाला तर ९९ टक्के आयसोप्रोपिल, मऊ ब्रश, दोनतीन वेळा, प्रत्येक वेळी ताजं. कॅम कॉन्टॅक्टसाठी जाड कागदाची पट्टी आयसोप्रोपिलमध्ये भिजवून पत्तीखाली धरा, कॅम फिरवून कॉन्टॅक्ट बंद करा, पट्टी अलगद ओढा. पत्ती वाकवली तर ती पुन्हा पूर्वीसारखी बसत नाही. नंतर ४०-५० अंशांवर काही तास सुकवा. गेटच्या आसपास बोट लावू नका, घामाचे मीठही वाहतं.

एफईटीच गेली असेल तर मूळ पार्ट जोडीचा असतो. बदली म्हणून सुटे दोन वापरणार असाल तर दोन्ही एकाच बॅचमधून मोजून जुळवा. उदाहरणार्थ जे३१० या एफईटीचा आयडीएसएस (गेट शून्यावर असताना वाहणारा करंट) २४ ते ६० मिलिअँपिअरपर्यंत काहीही असतो. न जुळवता घातले तर बॅलन्सचा पॉट (ट्रेस मध्यावर आणायचा फिरता रोध) एका टोकाला जाऊन अडतो. पिनची जागा आणि बायस मॅन्युअलशी ताडून पाहा. मी सांगतोय म्हणून घालू नका.

एफईटी का मेली, हेही बघा. या मॉडेलची इनपुट मर्यादा २५० व्होल्ट, डीसी अधिक एसीचा पीक धरून. अमेरिकेतल्या १२० व्होल्टला ती पुरते. आपल्या २३० चा पीक ३२५ व्होल्ट. सिग्नल कमी न करणाऱ्या थेट प्रोबने मेन्स (घरची वीज) पाहणं इथे नेहमीच मर्यादेबाहेर. सिग्नल दहापट कमी करणाराच प्रोब घ्या आणि त्याची ग्राउंड क्लिप मेन्सच्या कुठल्याच तारेला लावू नका.

झाकण उघडं ठेवून काम करताना सीआरटीच्या (पडद्याच्या नळीच्या) बाजूला हात नको, तिथे हजारो व्होल्ट असतात. सगळं झाल्यावर २० मिनिटं तापू द्या, मग बॅलन्स, आणि शेवटी १ किलोहर्ट्झ चौकोनी लहरीवर कॉम्पेन्सेशन (लहरीचे कोपरे चौकोनी दिसेपर्यंत ट्रिमर फिरवणं): आधी ५ मिलिव्होल्टची सरळ रेंज, मग दहा आणि शंभरपटीचे ट्रिमर, प्लॅस्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने. एफईटी बदलली असेल तर इनपुट कपॅसिटन्सही सरकतो, तेव्हा प्रोब पुन्हा ॲडजस्ट करायला विसरू नका.