दोन टनांची नवी पिकअप आणि मागचा ट्रेलर

प्रश्न : मी मोहोळ तालुक्यातील डाळिंब उत्पादक आहे. स्वतःच्या बागेबरोबर आसपासच्या गावांत मिनी ट्रॅक्टर आणि त्याच्या मागचा ब्लोअर (पंख्याच्या झोताने औषध फवारणारे, टाकी असलेले यंत्र) घेऊन फवारणीची कामे करतो. ट्रॅक्टर रस्त्याने चालवत न्यायचा म्हणजे सकाळची फवारणीची वेळ वाटेतच निघून जाते. त्यामुळे दोन टन भार वाहणारी नवी डिझेल पिकअप घेतली असून तिच्यामागे दोन चाकांचा ट्रेलर जोडून त्यावरून ट्रॅक्टर नेण्याचा विचार आहे. हौद्यात औषधे, पाइप आणि हत्यारे राहतील. गाडी घेताना ‘ही काहीही ओढेल’ असे सांगण्यात आले. आपण गाडी पाहून प्रथमदर्शनी मत द्यावे, ही विनंती.

उत्तर : आपण पिकअप आणि ओळखीच्या व्यावसायिकाकडून मागून आणलेला, पासिंग झालेला ट्रेलर घेऊन सोलापुरात आलात आणि तुळजापूरच्या घाटापर्यंत आपल्या दोघांना ती जोडी आलटून पालटून चालवता आली, म्हणून हे मत केवळ कागदावरच्या आकड्यांवरून द्यावे लागत नाही, याचे समाधान आहे.

सर्वप्रथम एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. दोन टन हा आकडा गाडीने पाठीवर किती वाहावे याचा आहे. मागे किती ओढावे याचा नाही. आपल्याकडे २०२२ पासून दोन टन क्षमतेच्या पिकअप बाजारात येऊ लागल्या. टाटा योद्धा २.० ही त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आली. या गाड्यांचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या), मागचा अ‍ॅक्सल आणि टायर मुख्यतः हौद्यातला माल वाहण्यासाठी केलेले असतात. ओढण्यासाठी गाडी, तिच्यातील भार आणि ट्रेलर यांचे मिळून कमाल एकत्रित वजन उत्पादकाने किती मान्य केले आहे, हे पाहावे लागते. हा आकडा गाडीच्या पुस्तिकेत नसेल, तर ट्रेलर विकत घेण्यापूर्वी कंपनीकडून तो लेखी मागवावा. विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनाला या बाबतीत काहीही किंमत नाही, आणि अपघातानंतर विमा कंपनीपुढे तर मुळीच नाही.

मोबाइलवर आपण जी अमेरिकी पिकअपची चित्रणे पाहिली असे म्हणालात, त्या गाड्यांच्या ओढण्याच्या आकड्यांमागे एसएई जे२८०७ नावाचे, तिकडच्या वाहन-अभियंत्यांच्या संस्थेचे चाचणी-मानक असते. त्यात अ‍ॅरिझोनातील डेव्हिस धरणाजवळचा सुमारे १८ किलोमीटरचा चढ, हवेचे तापमान ३८ अंश सेल्सिअस किंवा अधिक असताना आणि एसी पूर्ण चालू ठेवून, मागे पूर्ण वजनाचा ट्रेलर घेऊन ठरावीक वेगाखाली न येता चढावा लागतो. सोलापूरचा उन्हाळा चाळिशी सहज ओलांडतो; तेव्हा इंजिन थंड राहते का, हा प्रश्न आपल्यालाही तितकाच लागू आहे. मात्र तिकडचे आकडे तिकडच्या गाड्यांचे आहेत, ते आपल्या गाडीला लावू नयेत.

आता गाडीविषयी. रिकामी असताना ती मागून कडक वाटते, आणि होटगी रस्त्यावरच्या खड्ड्यांत ती जी आदळत होती ते पाट्यांच्या कडकपणामुळे. तो दोष नव्हे. ट्रेलरचा दाब मागे आल्यावर तीच गाडी चांगली बसून चालू लागली. डिझेल इंजिनाचा जोर कमी फेऱ्यांवर मिळत असल्याने भरलेला ट्रेलर जागेवरून उचलताना क्लच फारसा घासावा लागला नाही, ही जमेची मोठी बाजू आहे. घाटाच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये गाडी संथपणे पण न अडखळता चढली. शेकडा पाचच्या चढावर चार टनांच्या जोडीला मागे खेचणारा जोर २०० किलोंच्या वजनाइतका असतो. तेवढे या इंजिनाला जड नाही. तापमानाचा काटा किंचित वर सरकला आणि तिथेच थांबला. चढ संपल्यावर आपण लगेच इंजिन बंद करणार होता; टर्बो असलेल्या इंजिनाला दोन-तीन मिनिटे आयडलवर (गाडी उभी, इंजिन संथ चालू) राहू देणे हिताचे असते, हे कृपया कायम लक्षात ठेवावे.

खरी अडचण ओढण्यात दिसली नाही. ती जोडणीच्या तोलात दिसली. निघताना मार्केट यार्डाजवळच्या काट्यावर ट्रेलरचे वजन केले, ते असे : रिकामा ट्रेलर ५५० किलो, ट्रॅक्टर ८०० किलो आणि रिकामा ब्लोअर ३०० किलो, एकूण १,६५० किलो. त्यानंतर ओळखीच्या आडत दुकानातील सपाट वजनकाट्यावर लाकडी ठोकळा ठेवून, हुकाच्या उंचीला, फक्त ट्रेलरची दांडी (पिकअपच्या हुकात अडकणारे पुढचे टोक) टेकवली. काट्याने ७० किलो दाखवले. दोन चाकांच्या ट्रेलरमध्ये दांडीवर एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार यावा, असा सर्वमान्य दंडक आहे. म्हणजे आपल्याला १६५ ते २५० किलो हवे होते. ट्रॅक्टर मागे सरकवून उभा केल्यामुळे ब्लोअर ट्रेलरच्या शेपटाशी गेला होता आणि दांडी जवळजवळ हलकी झाली होती. अशा अवस्थेत साठच्या पुढे वेग गेला, किंवा बाजूने एखादी लक्झरी बस वाऱ्याचा झोत देऊन गेली, तर ट्रेलर डावी-उजवीकडे हेलकावे घेऊ लागतो, आणि प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होत पिकअपलाच फिरवून टाकतो. तसे कधी झालेच तर जोरात ब्रेक मारू नये व वेगही वाढवू नये. स्टिअरिंग सरळ धरून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू काढावा.

उपाय सोपा निघाला. ट्रॅक्टर ३५ सेंटिमीटर पुढे घेतला आणि दांडीवरचा भार १९० किलो झाला. ट्रेलरच्या चाकांपासून हुकापर्यंत सव्वातीन मीटरच्या आसपास अंतर असल्यामुळे एवढ्याशा सरकवण्याने १२० किलोंचा फरक पडतो. त्या जागी फळीवर एक लोखंडी अडथळा वेल्ड करून घ्यावा, म्हणजे पहाटेच्या अंधारातही ट्रॅक्टर दरवेळी नेमका तिथेच थांबेल. पट्टे चारही कोपऱ्यांवर, रॅचेटने ताणलेले असावेत. दोरखंडावर भरवसा ठेवू नये.

हे १९० किलो पिकअपच्या पाठीवरच येतात, म्हणून ते दोन टनांतून वजा धरायचे. शिवाय हूक मागच्या अ‍ॅक्सलच्या बराच मागे असल्याने तरफेचा परिणाम होतो. हूक अ‍ॅक्सलपासून १.२ मीटर मागे आणि दोन्ही अ‍ॅक्सलमधील अंतर ३.२ मीटर धरले, तर पुढच्या चाकांवरचे सुमारे ७० किलो कमी होतात आणि मागच्या चाकांवर सुमारे २६० किलो वाढतात. पुढची चाके हलकी झाली की स्टिअरिंग सैल वाटते, आणि रात्री दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. म्हणून औषधांची खोकी हौद्याच्या पुढच्या भागात, केबिनच्या भिंतीला टेकवून ठेवावीत आणि मागच्या टायरमधील हवा पुस्तिकेत भरलेल्या गाडीसाठी दिलेल्या आकड्यापर्यंत नेऊन ठेवावी.

ब्लोअरच्या टाकीत पाणी भरून प्रवास करण्याचा आपला विचार मात्र मला पूर्णतः अमान्य आहे. ६०० लिटर म्हणजे ६०० किलो, आणि तेही स्थिर न राहणारे. टाकी अर्धी असेल तर धोका आणखी वाढतो, कारण ब्रेक लावताच सगळे पाणी पुढे आणि गाडी सुटताच मागे जाते, आणि दांडीवरचा भार क्षणाक्षणाला बदलत राहतो. पाणी बागेतच भरावे.

उताराविषयी मी जरा आग्रहाने लिहितो, कारण घाट उतरताना माझ्या मनाला जी धास्ती वाटली ती आपणही मान्य केलीत. ज्या ट्रेलरवर आपण प्रयोग केला त्याला स्वतःचे ब्रेक नव्हते. त्यामुळे पावणेदोन टनांच्या आसपासचा सगळा रेटा पिकअपच्या ब्रेकवर येत होता, आणि वळणावर तो रेटा मागून तिरका लागत होता. युरोपात ७५० किलोंपेक्षा जास्त एकूण वजनाच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असणे बंधनकारक आहे, आणि आपला ट्रेलर त्याच्या दुपटीहून जड आहे. आपण जो नवा ट्रेलर घ्याल तो ओव्हररन ब्रेकचाच घ्या. यात पिकअप मंदावली की ट्रेलर दांडीवर दाबला जातो आणि त्याच दाबाने त्याचे ब्रेक लागतात. पिकअपच्या ब्रेक यंत्रणेला हात लावावा लागत नाही. किंमत वाढेल, तरीही यात काटकसर करू नये. उतरताना ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरावे, पाय ब्रेकवर सतत टेकवून ठेवू नये. वेगाचा हिशेबही ध्यानात असू द्यावा : ताशी ६० वरून ८० वर गेल्यास गाडीतील गतिज ऊर्जा पावणेदोन पटींहून अधिक होते, आणि ती सगळी ब्रेकमध्येच जिरवावी लागते. पुणे-हैदराबाद महामार्ग कितीही मोकळा दिसला, तरी या जोडीसाठी ५० ते ६० पुरेसे आहेत.

कागदपत्रांबाबत थोडक्यात. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे. त्याची वेगळी नोंदणी लागते आणि कलम ६१ प्रमाणे ट्रेलरच्या बाजूवर त्याचा स्वतःचा क्रमांक, तर मागे ओढणाऱ्या गाडीचा क्रमांक दिसावा लागतो. विम्यातही ट्रेलरची नोंद करून घ्यावी. गाडी नवी असल्याने पुस्तिकेतील रनिंग-इनचे (नवे इंजिन सुरुवातीला जपून चालवण्याचे) किलोमीटर पूर्ण होईपर्यंत आता पुन्हा ट्रेलर जोडू नये.

एकंदरीत, कंपनीने एकत्रित वजन लेखी मान्य केले आणि ट्रेलर ब्रेकचा घेतला, तर आपल्या कामासाठी ही गाडी मला योग्य वाटते. यांपैकी एक जरी गोष्ट जमली नाही, तर ट्रॅक्टर सध्या रस्त्यानेच न्यावा.

प्रश्न : आमच्याकडे उसाची जुनी ट्रॅक्टर-ट्रॉली पडून आहे. तीच नव्या पिकअपला जोडली तर चालेल का? (एक वाचक, माळशिरस)

उत्तर : नाही. ती ट्रॉली ट्रॅक्टरच्या संथ चालीसाठी बांधलेली असते. तिचे हब आणि बेअरिंग महामार्गाच्या वेगासाठी नसतात, बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात, आणि डोळा-पिनची जोडणी सैल असल्याने गाडी सुटताना व थांबताना प्रत्येक वेळी हिसका बसतो. तो हिसका ट्रॅक्टरचे अवजड धड सोसते. पिकअपच्या चेसिसला हूक बसवलेल्या जागी कालांतराने तडे जातात. शिवाय ट्रॅक्टरचा आणि पिकअपचा हूक एका उंचीवर नसतो, त्यामुळे ट्रॉली पुढे किंवा मागे झुकलेली राहते आणि भाराचा तोल आधीच बिघडलेला असतो.

प्रश्न : ट्रेलरसह गाडी मागे घेताना ट्रेलर नेहमी उलट दिशेला वळतो. सोपी पद्धत कोणती? (एक वाचक, बार्शी)

उत्तर : हात स्टिअरिंगच्या तळाशी धरावा. ट्रेलर ज्या बाजूला न्यायचा, त्या बाजूला हात सरकवावा. वळण अगदी थोडे द्यावे आणि ट्रेलर जास्त दुमडू लागला तर मागे रेटत न बसता गाडी पुढे घेऊन सरळ करावी. सरावासाठी बाजाराचा दिवस नसताना एखादे मोकळे मैदान निवडावे आणि मागे एक माणूस अशा जागी उभा करावा की तो आरशात सतत दिसेल. तो दिसेनासा झाला की त्याच क्षणी गाडी थांबवावी.