घरबसल्या मार्गदर्शक होऊन आपत्तीग्रस्तांना खरंच मदत करता येते का?

हो, येते, पण ती बहुतेकदा पहिल्या आठवड्यात लागत नाही. सुटकेचं काम तिथल्या माणसांचं आणि बचाव पथकांचं. दूरच्या मार्गदर्शकाची गरज पडते ती काही महिन्यांनी, मदतीचे ट्रक थांबल्यावर. दुकानदाराला विम्याचा दावा भरायचा असतो, बचत गटाला निधीसाठी अर्ज लिहायचा असतो, शाळेला वाहून गेलेल्या नोंदी पुन्हा उभ्या करायच्या असतात. हिशेब, कायदा, बांधकाम, अध्यापन यांपैकी एक गोष्ट तुम्हाला नीट येत असेल, तर तेवढं पुरेसं आहे.

निर्णय मात्र त्यांचेच. घर कुठे बांधायचं, धंदा बदलायचा का, हे आपण ठरवायचं नाही. आपण प्रश्न विचारायचे, कागद तपासायचे, पर्याय समोर ठेवायचे. आणि काय घडलं ते पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मानसिक प्रथमोपचार पुस्तिकेतही बोलण्याची सक्ती करू नये, असंच सांगितलं आहे.

स्वतःहून थेट कुणाला गाठण्याऐवजी तिथे आधीपासून काम करणाऱ्या संस्थेमार्फत जा. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमात ऑनलाइन कामाची सोय आहे. मार्गदर्शन जमणार नसेल, तर नकाशे करा: २०१० च्या हैती भूकंपानंतर जगभरच्या स्वयंसेवकांनी उपग्रह-छायाचित्रांवरून ओपनस्ट्रीटमॅप या कुणालाही भर घालता येणाऱ्या ऑनलाइन नकाशावर रस्ते आखले, ते मदत पथकांनी वापरले.

आठवड्यातून एकच तास द्या, पण ठरलेला आणि निदान सहा महिने. मध्येच गायब होणारा मार्गदर्शक नसलेला बरा.