नदीवरच्या बर्फाची गावकऱ्यांनी ठेवलेली नोंद कितपत भरवशाची?

आपला प्रश्न असा आहे की, अलास्कासारख्या प्रदेशात नदीवरच्या बर्फाची स्थिती बदलत चालली असून तिची नोंद तिथले रहिवासी ठेवतात, तर उपग्रह असताना त्याची गरज काय आणि अशा नोंदीवर विश्वास कितपत ठेवावा. आपण अमळनेरला भूगोल शिकवता, असेही आपण लिहिले आहे. मी भुसावळकडचा असून तापीची पातळी नोंदवण्यात माझी बरीच नोकरी गेली. गोठलेली नदी मी पाहिलेली नाही, परंतु नदीच्या नोंदवहीतले काय टिकते आणि काय कुचकामी ठरते, याचा अंदाज मला आहे.

नदी झाकलेली आहे की उघडी, हे उपग्रहाला वरून दिसते. तो बर्फ माणसाचे किंवा गाडीचे वजन पेलेल का, हे कळायला मात्र बर्फाला भोक पाडून जाडी मोजावी लागते. अलास्का विद्यापीठाच्या ‘फ्रेश आइज ऑन आइस’ या उपक्रमात गावकरी आणि शाळकरी मुले हेच करतात. बर्फाची जाडी, वर साठलेल्या हिमाची उंची आणि बर्फ पारदर्शक आहे की पांढरा, हे ते टिपतात आणि सोबत छायाचित्र जोडतात. रंगाची नोंद वाचायला किरकोळ वाटते, पण ओले हिम गोठून झालेला पांढरा बर्फ पारदर्शक बर्फाच्या साधारण निम्म्याच ताकदीचा धरला जातो. त्यातच हिवाळ्याच्या सुरुवातीला भरपूर हिम पडले, तर ते गोधडीसारखे काम करते: वरची थंडी खाली पोचत नाही आणि बर्फ जाड होत नाही. हिमाचे वजन वाढले की बर्फ दबतो, भेगांतून पाणी वर येते आणि हिमाखाली लपून राहते. प्रवाहाची ओढ जिथे जास्त, तिथे खालून झीज होते ती वेगळीच. म्हणून हाकेच्या अंतरावरच्या दोन जागांची स्थितीही सारखी नसते. कुस्कोक्विम नदी हिवाळ्यात गोठली की तीच गावागावांना जोडणारा रस्ता होते आणि बेथेल गावचे शोध व बचाव स्वयंसेवक तिच्यावरच्या उघड्या पाण्याच्या जागा शोधून तिथे खुणा लावतात. ज्यांना त्याच रस्त्याने घरी जायचे आहे, ती माणसे नोंद सहसा निष्काळजीपणे करत नाहीत.

आता विश्वासाबद्दल. नोंद करणारा किती शिकलेला आहे, यापेक्षा तो दरवर्षी एकाच जागी, एकाच व्याख्येने नोंद करतो का, हे मी आधी पाहीन. अलास्कातल्याच नेनाना गावात 1917 साली रेल्वेच्या अभियंत्यांनी तानाना नदीवरचा बर्फ केव्हा फुटेल, यावर पैज लावली आणि ती प्रथा आजही चालू आहे. बर्फावर लाकडी तिकाटणे, म्हणजे तीन पायांची चौकट, उभे करून त्याची तार काठावरच्या घड्याळाला जोडतात. बर्फ हलून तिकाटणे ठरावीक अंतर वाहत गेले की घड्याळ थांबते. पैशांचा प्रश्न असल्यामुळे व्याख्येत कुणी ढिलाई करू देत नाही आणि त्यामुळेच संशोधकांना ही नोंद वापरता येते. तिच्यातला सर्वांत उशिराचा दिवस 20 मे 2013 हा आहे आणि सर्वांत लवकरचा 14 एप्रिल 2019 हा. सहा वर्षांत दोन्ही टोके आली, तेव्हा एका वर्षाकडे बोट दाखवून हवामान बदलले किंवा बदललेले नाही, असे म्हणणाऱ्याचे कुणीही ऐकू नये. बर्फ फुटण्याचा दिवस हळूहळू लवकर येऊ लागला आहे, हे नोंदींच्या दीर्घ मालिकेतच उमगते; स्वीडन-फिनलंड सीमेवरच्या तोर्ने नदीची अशी मालिका 1693 पासूनची आहे.

तारखेइतकेच मोल मी शेऱ्याला देतो. आमच्या वहीत पातळीशेजारी शेऱ्याचा रकाना असे. पाणी गढूळ झाले, फेस आला, झाडे वाहत आली, असे त्यात लिहीत असू आणि पाऊस वर कुठे झाला असावा, हे पुष्कळदा त्यावरूनच कळे. बर्फ फुटतानाही तसेच आहे. तो जागच्या जागी विरघळत गेला, तर फारसे बिघडत नाही. पण उशिरापर्यंत थंडी राहून मग एकदम ऊन तापले, तर टणक तुकडे वाहत येऊन वळणावर अडकतात आणि मागे पाणी तुंबते. 2013 च्या मे महिन्यात यूकॉन नदीकाठचे गॅलेना गाव असेच बुडाले. तारखेच्या एका आकड्यावरून हा फरक कळत नाही. तो काठावर उभ्या असलेल्या माणसाने लिहावा लागतो.

मुलांकडून काही करून घ्यायचे असेल, तर बोरी नदीचा एक पूल निवडा आणि पावसाळ्यानंतर त्याच्या ठरलेल्या खांबाजवळची धार कोणत्या दिवशी तुटते, हे दरवर्षी लिहून ठेवा. ‘धार तुटली’ म्हणजे नेमके काय, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि वरच्या धरणातून पाणी सोडले असेल, तर ते शेऱ्यात आलेच पाहिजे.