पिकअपच्या बॉनेटमधून जळका वास: क्लच प्लेट टाकण्याआधी हे बघा

दादा, तुमचं म्हणणं थोडक्यात असं: डिझेल पिकअप आहे. वाईतून खताची पोती भरून पसरणी घाट चढताना केबिनमध्ये जळका वास येतो, पाचगणीत गाडी उभी केली की तो आणखी वाढतो आणि बॉनेटच्या कडेनं किंचित निळसर धूर दिसतो. टेंपरेचरचा काटा जागेवरच आहे. गॅरेजवाला म्हणतोय, क्लच प्लेट गेली, अख्खा सेट टाका.

क्लच सेटचे पैसे अजून देऊ नका. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, पॅकिंगमधून ऑइल झिरपून खालच्या मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनचा तापलेला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांवर, पडत असावं, असं मला वाटतं.

क्लच जळतो तो घसरताना. चढावर लोड घेऊन गाडी उचलली, अर्ध्या क्लचवर रेटली, की वास सुटतो आणि सपाटीला लागल्यावर थोड्या वेळात विरतो. शिवाय तो येतो खालून, गिअरच्या दांड्याजवळून. ऑइलचं उलटं असतं. गाडी पळत असताना वारा धूर मागं ओढून नेतो. थांबली की तापलेल्या मॅनिफोल्डवरचं ऑइल तिथंच जळत बसतं आणि वास वर येतो. तुमचा वास उभ्या गाडीत वाढतो, यातच बरंच काही आलं.

तरी क्लचची खात्री फुकटात होते. सपाट, मोकळ्या रस्त्यावर टॉप गिअरमध्ये चाळीस-पन्नासच्या वेगात एक्सलेटर दाबा. इंजिनचा आवाज चढला पण गाडीनं वेग धरला नाही, तर क्लच घसरतोय आणि गॅरेजवाल्याचं बरोबर. आवाज आणि वेग बरोबरीनं वाढले, तर क्लचला हात लावू नका. दुसरं, वास येत असताना ब्लोअरची बाहेरची हवा बंद करून आतलीच फिरवून बघा. ब्लोअर हवा घेतो ती पुढच्या काचेच्या बुडाशी असलेल्या जाळीतून, म्हणजे बॉनेटच्या मागच्या कडेला लागूनच. बटण फिरवल्यावर वास कमी झाला तर तो बॉनेटमधूनच येतोय.

आता गळती शोधायची. इथं बहुतेकजण खालून बघतात आणि फसतात. इंजिनच्या बुडाचा ऑइलचा चेंबर ओला दिसला की चेंबरचं पॅकिंग बदला म्हणतात. ऑइल वरून खाली ओघळतं आणि पंख्याच्या वाऱ्यानं मागं पसरतं, त्यामुळे सगळ्यात ओली जागा ही गळतीची जागा नसते. सगळ्यात वरची ओली जागा शोधा. त्यासाठी गार इंजिन ब्रश आणि थोड्या डिझेलनं साफ करा, फडक्यानं कोरडं पुसा आणि मॅनिफोल्डजवळ डिझेलचा थेंबही राहू देऊ नका. दाबाच्या पाण्यानं धुऊ नका, कनेक्टरमध्ये पाणी शिरलं की नवीन दुखणं. मग एक घाट चढून या आणि टॉर्च घेऊन कव्हरची मागची, केबिनकडची कड बघा. तिथं हात पोचत नाही, डोळाही पोचत नाही, आणि गळती बऱ्याचदा तिथूनच सुरू होते. आरशाचा तुकडा किंवा मोबाइलचा कॅमेरा आत घाला. पॅकिंगच्या रेषेवर ताजी ओली चमक आणि खाली मॅनिफोल्डवर काळपट-तपकिरी डाग दिसला की चोर सापडला. मॅनिफोल्डला मात्र हात लावू नका, तो बराच वेळ तापलेला राहतो.

नुकतंच ऑइल बदललं असेल तर आधी ते आठवा. भरताना सांडलेलं ऑइल एक-दोन दिवस असाच वास देतं आणि आपोआप जातं.

पॅकिंग बदलण्याआधी ब्रीदरचा, म्हणजे इंजिनच्या पोटातला गॅस बाहेर सोडणारा, पाइप आणि व्हॉल्व्ह तपासून घ्या. ही गोष्ट फार थोडे मिस्त्री करतात. ब्रीदर तुंबला की इंजिनच्या पोटात गॅसचा दाब साठतो आणि नवीन पॅकिंगही काही महिन्यांत ओलं होतं. इंजिन आयडलला ठेवून ऑइल भरायचं झाकण सैल करून बघा. थोडी फुसफूस चालते. झाकण थडथड नाचायला लागलं तर आधी ब्रीदर साफ करा. तरी नाचतंय तर पिस्टन रिंग तपासाव्या लागतील.

पॅकिंग टाकताना जुन्याचा कण न् कण खरवडून काढायला लावा. गळतंय म्हणून बोल्ट आवळत सुटणं हे सगळ्यात वाईट. कव्हर वाकतं आणि मग कुठलंच पॅकिंग बसत नाही. बोल्ट टॉर्क पान्यानं, म्हणजे किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्यानं, मधून कडेकडे आवळायचे. पॅकिंगला लावायची बॉण्ड पेस्टही कंपनीनं सांगितली असेल तिथंच, थेंबभर. फासून लावली तर आत सुटलेले तुकडे ऑइलच्या जाळीत जाऊन अडकतात.

बाकीचे वास थोडक्यात. जळक्या रबराचा वास आणि किंचाळण्याचा आवाज म्हणजे बेल्ट; पण नवीन बेल्ट चढवण्याआधी प्रत्येक पुली हातानं फिरवून बघा, एखादं बेअरिंग जाम असतं. गोडसर वास म्हणजे कूलंट, गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. जळक्या प्लॅस्टिकचा वास आला तर गाडी पुढं नेऊच नका. जादा लाइट किंवा हॉर्नसाठी फ्यूजशिवाय ओढलेली वायर बहुतेक वेळा कारण असते. हंगामात उसाच्या फडात गाडी जात असेल तर सायलेन्सरवर अडकलेलं पाचट काढा. १ एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाचे बीएस-६ नियम आले. त्यातल्या डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी गाळणी) असलेल्या डिझेल गाड्या काजळी जाळताना सायलेन्सरच्या आत ६०० अंशांच्या आसपास तापतात. तेव्हा उग्र वास आला तरी तो बिघाड नव्हे, फक्त गाडी वाळल्या गवतावर किंवा पाचटावर उभी करू नका.

पॅकिंग होईपर्यंत लोड घेऊन घाट चढू नका, आणि ऑइलची पट्टी रोज बघा. धूर दाट झाला तर गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, सगळे खाली उतरा. बॉनेट सताड उघडू नका, हवा मिळाली की भडका उडतो. फटीतूनच अग्निशामक मारा. नुसता वायरचा वास असेल, ज्वाळा नसतील, तर बॅटरीची निगेटिव्ह काढायची. बहुतेक गाड्यांना त्यासाठी १० नंबरचा पाना लागतो. तो टूलबॉक्सच्या तळाशी नको, सीटमागं हाताशी ठेवा.