ठाणे-वाशी लोकलमध्ये बघायला शिकताना

रोज ठाणे-वाशी करतोस आणि म्हणतोस, टिपण्यासारखं काही दिसतच नाही. दिसतं रे, मान मोबाइलात असते. सुरुवातीला ठाणे ते ऐरोली एवढाच वेळ तो खिशात ठेव. मधे एकच स्टेशन, २०२४ साली सुरू झालेलं दिघा गाव. तेवढं पुरे.

एका फेरीत एकच गोष्ट धर. आज फक्त हात: कडी कोण कशी पकडतं, डब्याची पिशवी कोण मांडीवर आवळून बसतं. उद्या फक्त कान. तिघांच्या बाकावरची चौथी सीट काही जण नुसत्या खुणेने मागतात, पण "जरा सरकून घ्या" किती सुरांत म्हणता येतं ते ऐकच!

नवखे हमखास इथे चुकतात:
- टक लावून बघतात. नजर फिरती ठेव.
- परक्यांचे फोटो काढतात. अजिबात नको.
- लगेच अर्थ लावतात. 'दमलेली बाई' लिहू नकोस. 'रबाळ्यापासून डुलकी, कोपरखैरण्याला बरोबर जाग' असं लिही.

उतरल्यावर फलाटावरच दोन ओळी खरड. घरी जाऊन लिहीन म्हणत माझ्या कितीतरी गेल्या. शैलीबिलीचं महिन्याभराने बघू.