सर्व भविष्यवाण्या इ.स. 70 पर्यंतच पूर्ण झाल्या असे मानणारे आणि चर्चला न जाणारे ख्रिस्ती नेमके काय मानतात?

येशूचे पुनरागमन होऊन गेले असे मानणारे आणि कोणत्याही चर्चचे सभासद नसलेले ख्रिस्ती कशाच्या आधारावर असे म्हणतात, आणि या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध आहे का, असे आपण विचारले आहे. मी इंदूरमध्ये अशाच एका घरगुती संगतीत बसतो, तरी तेथील सगळ्याच मतांशी सहमत नाही.

या विचाराचा पाया कालनिर्देश हा आहे. मत्तय 24 मध्ये मंदिराच्या नाशाविषयी बोलताना येशू शिष्यांना सांगतो की हे सर्व होईपर्यंत ही पिढी नाहीशी होणार नाही. मत्तय 16:28 मध्ये, समोर उभे असलेल्यांपैकी काही जण मनुष्याच्या पुत्राला त्याच्या राज्यात येताना पाहिल्याशिवाय मरणार नाहीत असे म्हणतो. आणि प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच काळ जवळ आल्याचे लिहिले आहे. नेहमीच्या प्रवचनांत ही वाक्ये ताणून लांबवली जातात आणि सूर्य काळवंडण्याचे वर्णन मात्र अक्षरशः घेतले जाते. आमच्याकडे नेमके उलट आहे. यशया 13:10 मध्ये बाबेलच्या पाडावासाठी सूर्य-चंद्र अंधारतात आणि यशया 19:1 मध्ये परमेश्वर मेघावर बसून मिसरात येतो. तेव्हा कोणी आकाशाकडे पाहत बसले नव्हते, ती राज्ये कोसळण्याची भाषा होती. माझ्या मते हा युक्तिवाद सर्वांत भक्कम आहे.

मत्तय 24 मधले कोसळणे म्हणजे यरुशलेमचा पाडाव. इ.स. 66 मध्ये रोमविरुद्ध उठाव झाला, 70 मध्ये यहुद्यांच्या वल्हांडण सणाच्या सुमारास रोमन सेनापती तीताने नगराला वेढा घातला आणि त्याच उन्हाळ्यात मंदिर जळाले. वेढ्याच्या वेळी रोमन छावणीत असलेल्या योसेफस या यहुदी इतिहासकाराने ते सविस्तर लिहून ठेवले आहे. सैन्याचा वेढा दिसताच डोंगरांत पळा, असे लूक 21 मध्ये आहे. आणि विश्वासणारे आधीच यार्देनेपलीकडील पेल्ला येथे निघून गेले, असे चौथ्या शतकातील चर्च-इतिहासकार युसेबियस सांगतो. मंदिराच्या आवाराच्या नैर्ऋत्य कोपऱ्याखाली, वरून ढकलून दिलेले प्रचंड चिरे त्या काळच्या फरसबंद रस्त्यावर उत्खननात सापडले असून आजही तेथे पाहायला मिळतात. पश्चिम भिंत तर उभी आहे, मग दगडावर दगड राहिला नाही कसे, असा आक्षेप हमखास येतो; ती मंदिराची भिंत नसून आवाराच्या भरावाची आहे, हे त्याचे उत्तर. मात्र या घटनेवरून यहुदी लोकांना दूषण देण्याचा सूर कोणी लावला, की मला ते असह्य होते, कारण येशू आणि त्याचे शिष्य स्वतः यहुदीच होते.

मंदिरासोबत होमबली आणि याजकपद संपले. इब्री 8:13 मध्ये जीर्ण झालेला जुना करार, म्हणजे तो ग्रंथ नव्हे तर मोशेच्या नियमशास्त्राची व्यवस्था, नाहीसा होण्याच्या बेतात आहे असे म्हटले आहे. चर्चसंस्थेविषयीचा निष्कर्ष येथूनच काढला जातो. योहान 4 मध्ये उपासना या डोंगरावरही नाही आणि यरुशलेमातही नाही, आणि 1 पेत्र 2 मध्ये सर्वच विश्वासणारे याजक आहेत. मग वेदी, झगा आणि पदांची उतरंड कशासाठी? काही जण इफिस 4 च्या आधारे असेही म्हणतात की पाळक आणि शिक्षक ही पदे जुनी व्यवस्था संपेपर्यंतच्या संक्रमणकाळापुरतीच होती. हे मला ओढूनताणून आणलेले वाटते. सर्वांचे याजकपद तर प्रॉटेस्टंट चर्चही शिकवतात, आणि तरीही त्यांच्याकडे पाळक असतात.

खरा वाद पुढे आहे. काही जण एवढ्यावर थांबतात आणि मृतांचे पुनरुत्थान व अंतिम न्याय अजून व्हायचे आहेत असे मानतात; मी त्यांच्यापैकी आहे. दुसरे म्हणतात की तेही झाले. त्यांच्या वाटेत निकेयाचा मतांगीकार, म्हणजे येशू पुन्हा न्याय करायला येईल असे म्हणणारे चर्चचे प्राचीन विश्वासवचन, आडवा येतोच, शिवाय पुनरुत्थान होऊन गेले असे शिकवणाऱ्या हुमनाय आणि फिलेत यांना 2 तीमथ्य 2 मध्ये दिलेला ठपकाही येतो. ते पत्र 70 पूर्वीचे आहे, असे त्यावर त्यांचे उत्तर असते. प्रकटीकरणाचा काळही वादग्रस्त आहे: दुसऱ्या शतकातील बिशप आयरेनियसच्या साक्षीप्रमाणे ते रोमन सम्राट दोमितियनच्या कारकिर्दीच्या शेवटी, म्हणजे सुमारे 95 मध्ये लिहिले गेले असेल, तर ते 70 च्या आधी, सम्राट निरोच्या काळात लिहिले गेले असे धरून रचलेली मांडणी ढासळते. प्रभुभोजन ‘तो येईपर्यंत’ करायचे आहे, आणि तो येऊन गेला असे मानणारे आमच्यातील एक-दोघे म्हणून भाकर स्वतः न खाता पुढे देतात. त्यावरून कोणी कोणाला बाहेर काढत नाही.

संस्थेबाहेर राहणे मराठी ख्रिस्ती माणसाला नवे नाही. नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ उभा केला, आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. अर्थात त्यांचा या कालगणनेशी संबंध नव्हता. व्यवहारात अडचण येते ती लग्नाची आणि दफनाची. ख्रिस्ती विवाह कायदा, 1872 नुसार लग्न लावण्याचा अधिकार धर्मगुरू, परवानाधारक पाळक किंवा विवाह निबंधक अशा ठरावीक व्यक्तींनाच आहे, म्हणून आमच्याकडे विशेष विवाह कायदा, 1954 खाली नोंदणी करणे सोयीचे पडते. दफनभूमी मात्र बहुधा चर्चच्याच ताब्यात असते, आणि त्यासाठी ज्यांचे सभासदत्व सोडले त्यांच्याकडेच अर्ज घेऊन जावे लागते.