डोस उतरवायची घाई कुणाला?

अगं,

फोनवर म्हणालीस, "ताई, आपण नुसत्या गोळ्याच वाटतो का?" ते डोक्यातून जाईना, म्हणून लिहितेय.

तो पोरगा रोज सकाळी केंद्रावर येतो, जिभेखाली ब्युप्रेनॉर्फिन, म्हणजे गर्दच्या (हेरॉइनच्या) व्यसनावरची गोळी, विरघळेपर्यंत तुमच्या समोर बसतो आणि कामावर जातो. गर्द नाही, टर्की म्हणजे नशा न मिळाल्यावरची तडफड नाही, घरातली भांडी विकणं नाही. आता बापाला लग्नाआधी गोळी सुटलेली हवी आहे. पोराने स्वतः मागितलंय का? नाही ना? मग डोस उतरवायचा नाही.

मधुमेही नाही का आयुष्यभर इन्सुलिन घेत, हा दाखला बापाला देऊ नकोस. मी वर्षानुवर्षं दिला, एकालाही पटला नाही. त्याला श्वासाचं सांग. गर्द मेंदूतल्या ज्या जागा धरतो, त्याच ही गोळी धरते, पण अर्धवटच चेतवते. एका मर्यादेपुढे डोस वाढला तरी श्वास त्या प्रमाणात मंदावत नाही. गोळी सुटली की शरीराची सहनशक्ती उतरते. मग एखाद्या रात्री पोरगा जुन्याच मापाने गर्द घेतो आणि संपतो. गोळी थांबल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात धोक्याचे.

आमच्या सुरुवातीच्या काळात टर्की काढायची आणि घरी पाठवायचं, एवढंच हातात होतं. डिस्चार्जला पेढे वाटणाऱ्या आया मला आठवतात. त्यांतल्या काही पुढे शवागाराबाहेर भेटल्या. म्हणून "तुम्ही पोरांना आयुष्यभर गोळीवर ठेवलंत" असं कुणी म्हणालं की मी म्हणते, हो, ठेवलं. ते आज भांडायला येतात माझ्याशी, हे काय कमी आहे? फ्रान्सने १९९५ पासून साध्या फॅमिली डॉक्टरांना ही गोळी लिहू दिली. १९९९ पर्यंत ओव्हरडोसचे मृत्यू जवळपास ८० टक्क्यांनी घटले. २००५ पासून मेथाडोन (याच व्यसनावरचं दुसरं औषध) आणि ब्युप्रेनॉर्फिन दोन्ही जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. आणि आपण अजून बापांपुढे ओशाळतो!

काहींची गोळी सुटते, नाही असं नाही. पण त्यांना स्वतःला वाटतं तेव्हा, कित्येक महिने घेऊन, हळूहळू. मुहूर्त बघून नाही.

तुला भांडायचंच असेल तर रोजची रांग टळावी म्हणून भांड. रोज सकाळी केंद्रावर उभं राहायचं तर कुठला मुकादम ठेवून घेईल? २०२० मध्ये करोनात घरी न्यायला डोस दिलेच होते ना? डॉक्टरांकडे तो विषय काढ. पोराला "कधी सोडणार?" विचारण्याऐवजी विचार, संध्याकाळी जांभया येतात का, नाक गळतं का, अंग मोडतं का. येत असेल तर डोस अपुरा पडतोय, वाढवायला हवा. हो, वाढवायला!

मुलीला लग्नाआधी त्याने स्वतः सांगायला हवं, तेवढं मात्र त्याच्या मागे लाग.

शुक्रवारी बाप येईल तेव्हा गोळी बंद करायची तारीख देऊ नकोस. हट्टच धरला तर मला फोन लावून दे.

तुझी,
ताई